हातउसने पैसे आणि ती सही

मित्राला दिलेले पैसे परत मागताना अवघडल्यासारखं आपल्यालाच का व्हावं? माझा कॉलेजपासूनचा एक मित्र, मनाने चांगला आहे, पण पैशांचा विषय निघाला की "पगार झाला की लगेच टाकतो रे" आणि नंतर फोनच उचलायचा नाही.

शेवटी मी सरळ त्याच्या घरी गेलो, भांडलो वगैरे नाही, म्हटलं एकदम नको देऊस, दर महिन्याला जमेल तेवढे यूपीआयने टाक, पण किती घेतले, कधी घेतले आणि बाकी किती हे कागदावर लिहून तारीख टाक आणि सही कर. लागलं त्याला ते. लागू दे, कष्टाचे पैसे आहेत माझे.

हा कागद का हवा ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार उसने पैसे वसूल करायचा दावा साधारण ३ वर्षांच्या आत लावावा लागतो, आणि आपण संकोचात तेवढी वर्षं सहज घालवतो. पण मुदत संपायच्या आत त्याने देणं लेखी कबूल करून सही केली तर तिथून मुदत नव्याने सुरू होते. चेक दिला आणि बाउन्स झाला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवा, मग त्याला १५ दिवस असतात, तरी नाहीच दिले तर पुढच्या महिन्याभरात चेकबद्दलच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली कोर्टात तक्रार करता येते. या तारखा खरंच चुकवू नका, आणि वकिलाला एकदा विचाराच.

आता हप्ते येतायत, कधी उशिरा, पण येतायत. उरलेले मी सोडणार नाहीये.