पेटीतला कलदार

मधल्या सुट्टीत गोट्यांच्या बरोबरीने ज्याची अदलाबदल चाले, ते वीस पैशांचे कमळाचे पितळी नाणे आपल्यापैकी अनेकांनी जपून ठेवले असेल. १९६८ ते १९७१ या काळातले हे नाणे सोन्यासारखे चमके, म्हणून लोकांनी ते साठवले, आणि साठवले म्हणूनच आजही मुबलक मिळते. नाणे जुने म्हणजे महाग, असे नसते. किती उरली आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत आणि कोणाला हवी आहेत, यावर भाव ठरतो. घरोघरच्या डब्या पुन्हा उघडतील तेव्हा उपयोगी पडावे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोलापूरच्या पेट्यांत दोन जातींचे रुपये निघतात. आपण मुंबई इलाख्यात होतो, तर तुळजापूर, नळदुर्ग निजामाच्या मुलखात. इंग्रजांच्या चांदीच्या रुपयाला, म्हणजे कलदाराला, हैदराबादच्या निजामाचा रुपया, म्हणजे हाली सिक्का, शेजारी होता, आणि हिशेब साधारण सहा कलदारांना सात हाली असा चाले. कारण चांदीतच होते. कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी जवळपास १०.७ ग्रॅम. हाली ११.१८ ग्रॅमचा, चांदी ८१.८ टक्के, म्हणजे सव्वानऊ ग्रॅमच्या आतच. चारमिनारचे चित्र असलेला हाली हाती आला तर मधल्या कमानीतले फारसी अक्षर भिंगाखाली पाहा. 'मीम' असेल तर निजाम महबूब अली खान, 'ऐन' असेल तर निजाम उस्मान अली खान. सन हिजरी असतो, त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन निघते. १३२९ म्हणजे १९११.

आपल्या गावाचे नाव असलेले रुपयेही आहेत. औरंगजेबाच्या काळात शोलापूर टांकसाळीत चांदीचे रुपये पाडले गेले. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे टांकसाळीचे नाव बहुधा अर्धेच उमटते. ते पूर्ण वाचता येणाऱ्या रुपयाला संग्राहक खुशीने जास्त मोजतात.

कलदारातही फरक आहे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. पण चुंबकाला चिकटले नाही म्हणजे चांदी, असे समजू नका. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते, तरी तेही सहसा चिकटत नाही. खात्रीची परीक्षा पाण्याची. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. नाणे कोरडे तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, असे धरा. काटा जे दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. जुन्या कलदाराचे उत्तर १०.३ च्या जवळ यायला हवे, निम्म्या चांदीच्या रुपयाचे ९.५ च्या. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला की उत्तर कमी येते. दोरा हलवून बुडबुडे सोडवा आणि पुन्हा मोजा.

१९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र बदलले. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असल्याने लोक याला अमाप मोल समजतात, पण तो बऱ्यापैकी मिळतो. खरा दुर्मीळ १९३९ चा रुपया, आणि म्हणूनच १९३८ मधला ८ कोरून ९ केलेले रुपये विकायला येतात. आकड्याभोवतीचा पृष्ठभाग भिंगाखाली खरवडलेला दिसतो.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र घरातच होते. चिंच, लिंबू, राख, पितळ घासायची पूड, यांनी नाणे लख्ख होते आणि त्याचे मोल कायमचे उतरते. चांदीवरचा करडा-निळसर थर, तांब्याच्या शिवराईवरचा गडद तपकिरी थर ही त्या नाण्याची कातडी आहे. ती एकदा सोलली की पुन्हा येत नाही. फार माती असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात दोन-तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, सुती कापडाने टिपा, घासू नका. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर ते नाणे वेगळे काढून सिलिका जेलबरोबर कोरडे ठेवा, नाहीतर आतून खात जाते. मऊ पीव्हीसी पाकिटांनी हिरवा चिकट थर चढतो, रबरबँडमधल्या गंधकाने चांदी काळी पडते. पुठ्ठ्याची, आत मायलर या पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेली पाकिटे वापरा. ती स्वस्त असतात.

माळेत ओवायला कडी डाखलेला रुपया चांदीच्याच भावाने जातो, कडी काढली तरी डाख दिसतोच. १८१८ किंवा १७१७ साल आणि रामदरबार असलेली 'ईस्ट इंडिया कंपनीची' नाणी चलनातली नव्हेत. तांदूळ ओढणारे नाणे ही तर उघड फसवणूक. वैष्णोदेवीच्या पाच-दहाच्या नाण्याला लाखो मिळतात हेही खोटे. 'आधी शुल्क भरा' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारांत नसते, हे तिनेच २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

शेतात नांगरताना मडके लागले तर वाटून घेऊ नका. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते. शिवाय एका मडक्यातली नाणी एकत्र राहिली, तरच ती कधी आणि का पुरली हे अभ्यासकांना कळते.

आणि प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी घाला: कोणाकडून, कोणत्या गावातून, कोणत्या साली मिळाले. पेन्सिलने लिहा, शाई नाण्याला लागते.