चातुर्मासात कपाटात राहिलेली लेन्स

तुळशीचं लग्न लागलं की आमचा धंदा सुरू होतो. आषाढापासून तोपर्यंत कुडाळातल्या माझ्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो सोडले तर फारसं काम नसतं. ८५ एमएमची, लांबूनच चेहरा जवळ आणणारी लाडकी लेन्स मी दर पावसाळ्यात चामड्याच्या बॅगेत, मऊ फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवायचो. एवढी महागडी वस्तू, बाहेर कशी ठेवणार?

त्या वर्षीचं पहिलं लग्न पिंगुळीत होतं, घराच्या खळ्यातच मांडव. सकाळी माजघरात रुखवताचे फोटो काढत होतो. मुलीचा भाऊ मागे येऊन स्क्रीनवर डोकावला. ‘‘फोटो असे धुकट कित्या दिसतत ओ?’’

मला राग आला, पण झूम करून पाहिलं तर पोराचं खरं होतं. मुलीच्या पापण्या विरघळल्यासारख्या. शटर पाहिलं तर १/६०, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग उघडं राहत होतं. अंधाऱ्या घरात, ८५ एमएम हातात धरून, तेही हलत्याबोलत्या माणसांचे फोटो! पाच महिने हात बंद असला की असं होतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ८०० वरून ३२०० वर नेला, शटर १/२५० झालं आणि पापण्या जागेवर आल्या. त्याने फोटोत थोडे दाणे दिसले तर दिसू देत. दाणे छपाईत खपतात, हललेला फोटो खपत नाही.

सुटलो असं वाटलं. खळ्यात आलो आणि पुन्हा तेच. पण आता नीट पाहिल्यावर कळलं, हे तेच नव्हतं. कडा शाबूत होत्या, रंग मात्र ताकात बुडवल्यासारखे. हिरवा शालू फिका, अंबाडा राखाडी. हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखाचा, डोंगर डाव्या, काळ्या कडेला टेकतच नव्हता, म्हणजे फोटोत काळं असं काही उरलंच नव्हतं. गिऱ्हाईक दोन्हीला ‘धुकट’च म्हणतं, पण फोटो हलणं वेगळं आणि पांढरा पडणं वेगळं. हलल्यावर शटर बघायचं. पांढरा पडला की उजेड काचेत कुठे फुटतोय ते शोधायचं.

लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढला, समोरची काच पुसली, बाजूचा उजेड अडवणारा हूड लावला. फरक नाही. मग एक गोष्ट ध्यानात आली: उजेड माझ्या पाठीमागून असला की फोटो बरा यायचा, मांडवाच्या उघड्या बाजूकडे तोंड केलं की दुधाळ.

पुतण्या मदतीला होता. लेन्स काढून त्याच्या हातात दिली. त्याने लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र पूर्ण उघडं ठेवून मागून मोबाइलची बॅटरी मारली. ‘‘काका, हेच्या आत कोळ्याचा जाळां आसा!’’

बुरशी. कडेपासून जवळजवळ मधल्या काचेपर्यंत पांढरे बारीक तंतू. कोकणातला पाऊस, बंद कपाट, अंधार आणि ओल धरणारं चामडं. तिला आणखी काय हवं होतं?

मुहूर्ताला अर्धा तास होता. पुतण्याला स्कूटरवर कुडाळला पिटाळलं. शोकेसच्या उघड्या फळीवर, खिडकीच्या उजेडात एक जुनी ५० एमएम वर्षभर पडून असायची. स्वस्तातली, म्हणून तिला कधी बॅग मिळाली नाही. तो मंगलाष्टकं सुरू होताना पोहोचला. बॅटरी मारून पाहिली, काच लख्ख! ५० एमएममध्ये चेहरा लहान येतो, म्हणून मला पार पुढे घुसावं लागलं. भटजी दोनदा डोळे वटारून पाहत होते, पण अंतरपाट दूर झाल्यावरचा मुलीचा चेहरा जसा हवा तसा मिळाला.

सकाळचे फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती राखणाऱ्या फाइलमध्ये, होते म्हणून निभावलं. संगणकावर काळ्याची पातळी खाली ओढली, धुकटपणा काढणारं डीहेझ थोडं वाढवलं, अंबाडा पुन्हा काळा झाला. उजेडाकडे तोंड करून काढलेल्या सात-आठ फोटोंत मात्र केसांच्या कडा परत आल्या नाहीत. ते मी अल्बममध्ये छोटे लावले आणि मुलीच्या वडिलांना कारणही सांगितलं.

लेन्स मुंबईला बोरा बाजारात एका कारागिराकडे दिली. त्याने ती उघडून पुसली, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता, तिथले डाग राहिले. आता ती घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात असते, सोबत ओल शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा पन्नाशीच्या वर सरकला की जेल तव्यावर तापवून घेतो. ५० एमएम अजून फळीवरच आहे, आणि चामड्याच्या बॅगेत पुतण्या लाइटच्या वायरी ठेवतो.