तुम्ही विचारलंत म्हणून : पेटंट हाती आलं, आता कंपनी काढू का?

संशोधन संस्थांमधील आणि विद्यापीठांमधील तरुण शास्त्रज्ञांशी माझा कामानिमित्त रोजचा संबंध येतो. त्यांच्या शोधाचे पुढे काय करता येईल, कोणत्या उद्योगाशी बोलणी करावीत, करारात काय असावे आणि काय नसावे, याविषयी सल्ला देणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे कधी व्याख्यानानंतरच्या चहापानात, तर कधी रात्री उशिरा आलेल्या ईमेलमधून एकच प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचत राहतो : ‘सर, पेटंट मिळालं, आता कंपनी काढू का?’ यावर माझा उलट प्रश्न ठरलेला असतो. तुमचे तंत्रज्ञान पहिल्यांदा वापरले आणि ते फसले, तर नुकसान कोणाचे होणार, आणि तो माणूस किंवा ती संस्था ते सोसायला राजी आहे का? बऱ्याच जणांना हा प्रश्न नाउमेद करणारा वाटतो. मला मात्र या क्षेत्रात याहून उपयोगाचा प्रश्न अद्याप सापडलेला नाही, म्हणून तो थोडा सविस्तर मांडतो.

आधी पेटंटाविषयी थोडक्यात. पेटंट म्हणजे इतरांना तुमचा शोध तुमच्या परवानगीशिवाय वापरण्यापासून रोखण्याचा हक्क. तो शोध चालतो, विकला जातो किंवा परवडतो, याची कसलीही ग्वाही त्यात नसते. भारतात त्याची मुदत २० वर्षांची असते आणि ती अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मोजली जाते, प्रमाणपत्र हाती पडल्याच्या तारखेपासून नव्हे. म्हणजे चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्राची काही वर्षे आधीच खर्ची पडलेली असतात. परिषदेत निबंध वाचून झाल्यावर अर्ज करायला धावणारेही भेटतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत शोधाचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने संपलेले असते आणि मग बोलण्यासारखे फारसे उरत नाही.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. रसायनशास्त्रातलेच उदाहरण घेतो, कारण ते मी सर्वांत जवळून पाहिले आहे. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये एखादी उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया बर्फाच्या पाण्यात ठेवून सुखरूप पार पडते. तीच २५० लिटरच्या रिअॅक्टरमध्ये करायची म्हटली, की आकारमान हजारपट वाढते, पण भांड्याचा पृष्ठभाग वाढतो साधारण शंभरपट. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला उष्णता बाहेर काढण्यासाठी आधीच्या एक दशांश पृष्ठभाग येतो. परिणामी फ्लास्कमध्ये दहा मिनिटांत ओतलेला अभिकारक (अभिक्रिया घडवणारा पदार्थ) इथे कित्येक तास थेंबाथेंबाने सोडावा लागतो, आणि तेवढ्या वेळात फ्लास्कमध्ये कधी दिसलेच नव्हते असे उपपदार्थ तयार होऊ लागतात. प्रयोगशाळेत विद्यार्थी कॉलम लावून, म्हणजे भुकटी भरलेल्या काचेच्या नळीतून मिश्रण सोडून, पदार्थ शुद्ध करतो. कारखान्यात टनावारी मालासाठी कोणी कॉलम लावत नाही, तेथे स्फटिकीकरणाने किंवा ऊर्ध्वपातनानेच काम भागवावे लागते. प्रयोगशाळेत एआर ग्रेडच्या, म्हणजे अतिशुद्ध प्रतीच्या, बाटलीतला सॉल्व्हंट (द्रावक) असतो. कुरकुंभच्या किंवा लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत तो ड्रमने येतो, त्यात थोडे पाणी असते, आणि वापरून झालेला पुन्हा गाळून वापरला नाही तर हिशेब जुळत नाही. त्यातच प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची अशी दोन संमतीपत्रे लागतात. शोधनिबंधात छापलेला ९२ टक्के उतारा, म्हणजे अपेक्षित मालापैकी प्रत्यक्ष हाती येणारा भाग, यातून पार पडेपर्यंत किती उरेल, हे आधी सांगता येत नाही. ते करूनच पाहावे लागते, आणि करून पाहण्याचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो.

हा ‘कोणीतरी’ कोण, याची मला सर्वांत बोलकी वाटणारी हकीकत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, म्हणजे एनसीएलची आहे. १९८० च्या दशकात पॉल रत्नसामी या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचे खनिज) प्रकारचा एक उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेला गती देणारा पदार्थ, तयार केला. त्याचे नाव एन्सिलाइट. झायलीन या पेट्रोरसायनाच्या रेणूंची तीन रूपे असतात आणि पॉलिएस्टरसाठी त्यांतले पॅरा-झायलीनच लागते. बाकीच्या रूपांचे रूपांतर पॅरामध्ये करण्यासाठी हा उत्प्रेरक उपयोगी पडतो. एनसीएलने विज्ञान दिले, सिमेंटसाठी ओळखल्या जाणाऱ्या एसीसी कंपनीने उत्प्रेरकाचे उत्पादन केले आणि बडोद्याच्या आयपीसीएल या तेव्हाच्या सरकारी पेट्रोरसायन कंपनीने तो आपल्या चालू कारखान्यात वापरला. ‘चालू कारखान्यात’ हे शब्द सहज लिहून होतात, पण उत्प्रेरक एकदा रिअॅक्टरमध्ये भरला की तो तेथे महिनोन्‌महिने राहतो, आणि तो मध्येच निकामी झाला तर त्याच्या पुढची सगळी साखळी थांबते. परदेशी पुरवठादाराचा माल भरून कारखाना बंद पडला तर व्यवस्थापकाला कोणी जाब विचारत नाही. देशी प्रयोगशाळेचा भरून बंद पडला तर चौकशी बसते. अशा स्थितीत ज्या अधिकाऱ्यांनी सही केली, त्यांना मी या यशाचे शोधकर्त्यांच्या बरोबरीचे मानकरी समजतो, जरी पुरस्कारांच्या याद्यांत त्यांची नावे सहसा नसतात.

या हकीकतीत नवी कंपनी कोणीही काढली नव्हती, हेही ध्यानात घ्यावे. याच प्रयोगशाळेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, रघुनाथ माशेलकर संचालक असताना, पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकविषयीची आपली पेटंटे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकला वापरासाठी दिली. पॉलिकार्बोनेटच्या धंद्यात मुरलेल्या कंपनीकडे कारखाने, ग्राहक आणि धोका पचवण्याची ताकद हे सर्व तयार होते. अशा ठिकाणी शोध सुपूर्द करून आपण पुढच्या कामाला लागणे हे पराभवाचे लक्षण समजण्याची जी पद्धत हल्ली रूढ झाली आहे, ती मला पटत नाही. स्टार्टअप हा शब्द प्रतिष्ठेचा झाल्यापासून परवाना देणे कमीपणाचे वाटू लागले आहे, एवढेच.

मग नवी कंपनी केव्हा काढावी? जेव्हा हे ओझे उचलू शकेल असा जुना उद्योगच अस्तित्वात नसतो, तेव्हा. याचे अलीकडचे ठळक उदाहरण मुंबईत आहे. कार-टी या कर्करोगावरील उपचारात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) यंत्राने वेगळ्या काढतात, निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालतात, म्हणजे कर्करोगग्रस्त बी-पेशींच्या पृष्ठभागावरचे सीडी१९ हे प्रथिन त्यांना ओळखता येते, आणि त्या पेशी वाढवून पुन्हा त्याच रुग्णाच्या शरीरात सोडतात. प्रत्येक रुग्णाचे औषध ही स्वतंत्र बॅच असते आणि ती दुसऱ्या कोणाला चालत नाही. गोळ्या-इंजेक्शनांच्या लाखोंच्या उत्पादनात वाकबगार असलेल्या आपल्या औषध उद्योगाला हा प्रकार अनोळखी होता. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने हे तंत्र विकसित केले आणि २०१८ साली त्यातून इम्युनोअॅक्ट ही कंपनी उभी राहिली.

माझ्या प्रश्नाच्या कसोटीवर ही वाटचाल तपासून पाहा. या उपचारात प्रतिकारशक्ती भडकून रुग्णाचा जीव धोक्यात येऊ शकतो, म्हणजे फसल्यास किंमत कोणाला मोजावी लागणार हे उघड होते. टाटा मेमोरियल या सरकारी कर्करोग केंद्राच्या डॉक्टरांनी ती जबाबदारी पत्करली. इतर उपचार करूनही आजार उलटलेले रुग्ण निवडले गेले, ज्यांच्यासाठी हा धोका पत्करण्यात वैद्यकीय अर्थ होता. मानवी चाचण्यांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या योजनेतून सुमारे १९ कोटी रुपये मिळाले. ४ जून २०२१ रोजी टाटाच्या खारघर येथील अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. हैदराबादच्या लॉरस लॅब्ज या औषध कंपनीने सुमारे ४६ कोटी रुपये गुंतवून कंपनीत हिस्सा घेतला तो त्यानंतर, त्याच वर्षाच्या अखेरीकडे. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी आली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते नेक्सकार१९ या नावाने उपचाराचे लोकार्पण झाले. क्रम पाहावा : सरकारी पैसा, सरकारी रुग्णालय, रुग्ण, आणि मग मोठे खासगी भांडवल. गुंतवणूकदार सुरुवातीपासून सोबत येतील, या आशेवर बसलेल्यांना मी हा क्रम आवर्जून दाखवतो.

परदेशात ज्या उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात, तो येथे त्याच्या साधारण एक दशांश खर्चात होऊ लागला, याचे एक मोठे कारण असे, की जनुक वाहून नेणारा विषाणू बाहेरून विकत न आणता तो आणि पेशींवरची पुढची प्रक्रिया येथेच विकसित करण्यात आली. ३० ते ४० लाखांच्या घरातील ही रक्कमही आपल्याकडच्या बहुसंख्य कुटुंबांना झेपणारी नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु स्वस्ताईची तजवीज तंत्रज्ञान घडत असतानाच करावी लागते, नंतर घासाघीस करून ती साधत नाही, ही गोष्ट येथे उत्तम दिसते.

यावर पुढचा प्रश्न येतो तो असा, की कंपनी चालवायची कोणी? एनसीएलसारख्या प्रयोगशाळा चालवणाऱ्या सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांना नोकरीत राहून अशा उपक्रमात भागीदारी घेण्याची मुभा २००९ साली मिळाली आणि आयआयटींमध्येही तशी सोय आहे. मुभा असणे चांगलेच, तरी आठवड्यातून एक दिवस कंपनीला देणारा प्राध्यापक आणि मूल्यांकनासाठी शोधनिबंधांची संख्या मोजणारी संस्था, या जोडीतून धंदा उभा राहिलेला मी फारसा पाहिलेला नाही. बहुतेक वेळा गाडा ओढतो तो नुकतीच पीएचडी संपवलेला विद्यार्थी, ज्याने ते काम स्वतःच्या हाताने केलेले असते आणि ज्याला परतायला कायमची नोकरी नसते. त्याला भागभांडवलात नाममात्र हिस्सा देऊन ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’ असे कार्ड छापून देणारे मार्गदर्शक आहेत. अशा कंपनीच्या कामात पडायला मी नम्रपणे नकार देतो.

पैशांविषयी फार लिहीत नाही, कारण आरंभीच्या पैशांची टंचाई पूर्वीइतकी राहिलेली नाही. जैवतंत्रज्ञानातील नव्या कल्पनेला बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘बिग’ योजनेतून १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते; पुण्यात पाषाणला एनसीएलच्या आवारातील व्हेंचर सेंटर या नवउद्योगांच्या केंद्रासारख्या ठिकाणी महागडी उपकरणे भाड्याने वापरता येतात; आणि प्रयोगशाळेच्या पुढच्या टप्प्यांसाठी केंद्र सरकारने २०२५ साली एक लाख कोटी रुपयांची संशोधन, विकास आणि नवोपक्रम योजना मंजूर केली आहे. माझी तक्रार वेगळी आहे. एका अनुदानावरून दुसऱ्यावर आणि एका स्पर्धेतून दुसऱ्या स्पर्धेत जात राहणाऱ्या कंपन्या मी पाहतो, ज्यांच्याकडे ट्रॉफ्यांनी भरलेले कपाट असते आणि खरेदीची एकही ऑर्डर नसते. कोणी पाच किलो माल स्वतःच्या पैशांनी विकत घेऊन स्वतःच्या यंत्रात वापरून पाहिला असेल, तर मला ते पारितोषिकाच्या पाच लाखांपेक्षा वजनदार वाटते.

शेवटी संस्थेकडून परवाना घेतानाच्या कराराविषयी, कारण तुमच्यापैकी अनेकांनी ते स्वतंत्रपणे विचारले आहे. रॉयल्टी दोन टक्के की तीन, यावर महिनोन्‌महिने वाद चालतो, जेव्हा विक्री शून्य असते आणि शून्याचे तीन टक्केही शून्यच असतात. त्याऐवजी तीन बाबींकडे लक्ष द्यावे : परवाना नेमक्या कोणत्या उपयोगापुरता आहे, पुढे केलेल्या सुधारणांची मालकी कोणाकडे राहील, आणि ठरलेल्या मुदतीत प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला नाही किंवा पहिली विक्री झाली नाही, तर परवान्याचे काय होईल. या तिसऱ्या बाबीवर कंपनीचे संस्थापक हटकून नाराज होतात, कारण परवाना संस्थेकडे परत जाईल असे लिहिलेले असले की गुंतवणूकदार बिचकतात. संस्थेला मी मुदत वाढवून देण्याची तयारी ठेवायला सांगतो, अगदी दुप्पट करावी लागली तरी चालेल. पण ते कलम काढून टाकण्याला मी कधीच संमती देत नाही.