लेन्स घालून झोपलेली रात्र

पुण्यात सोमवारची ओपीडी म्हणजे गर्दी ठरलेलीच. तरी सिस्टर एका मुलीला दंडाला धरून थेट आत घेऊन आल्या. "मॅडम, हिला आधी बघा." मुलगी विशीतली, हिंजवडीत रात्रपाळी करणारी. उजव्या डोळ्यावर ओढणी दाबून धरलेली, खिडकीकडे तोंडही करवत नव्हतं.

बधिरतेचा थेंब घातल्यावर पापणी कशीबशी उघडली. स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रातून, पाहिलं आणि पोटात गोळा आला. बुबुळाच्या जवळजवळ मध्यावर पिवळट पांढरी जखम, तिच्यावर चिकट हिरवट पू, आणि कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, मागे तळाशी पुवाची आडवी रेघ साचलेली.

"कधीपासून?"

"शनिवारी नुसतं खुपत होतं."

"लेन्स घालून झोपली होतीस?"

ती गप्प. आईच म्हणाली, "अहो मॅडम, शिफ्टवरून आली की रोज तशीच झोपते. मेडिकलवाल्याने थेंब दिले, त्याने जरा बरंही वाटलं होतं."

बाटली पाहिली. स्टिरॉइडचे थेंब! त्याने लाली उतरते, ठणका कमी होतो आणि आत जंतूंना रान मोकळं मिळतं. डॉक्टरांना न दाखवता असे थेंब हातावर ठेवले जातात याचा मला मनापासून संताप येतो.

"पण मॅडम, माझ्या लेन्स ब्रीदेबल आहेत," मुलगी म्हणाली. "बॉक्सवर तसं लिहिलंय."

इथेच बरीच मुलं फसतात. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो पारदर्शक राहतो. त्याला लागणारा बहुतेक प्राणवायू अश्रूंच्या थरातून, थेट हवेतून मिळतो. डोळे मिटले की हा पुरवठा साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांवर भागवावं लागतं. त्यामुळे झोपेत प्रत्येकाचाच कॉर्निया तीन-चार टक्के सुजतो, उठल्यावर ओसरतो. जुन्या मऊ हायड्रोजेल लेन्स घालून झोपलं तर ही सूज दहा टक्क्यांपलीकडे जायची. 1999 च्या सुमारास प्राणवायू सहज आत जाऊ देणाऱ्या, म्हणजेच 'ब्रीदेबल', सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आल्या, प्राणवायूचा प्रश्न बराचसा सुटला. संसर्गही कमी होईल अशी आशा होती. तसं झालं नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या पाहणीत, मऊ लेन्स फक्त दिवसा वापरणाऱ्या दहा हजारांमागे वर्षाला सुमारे 2 जणांना कॉर्नियाचा संसर्ग झालेला दिसला. त्याच लेन्स घालून झोपणाऱ्यांत सुमारे 20, आणि सिलिकॉन हायड्रोजेल घालून झोपणाऱ्यांत 25.

प्राणवायू मिळाला तरी मिटलेल्या डोळ्यात उघडझाप नसते. लेन्सखालचे अश्रू बदलत नाहीत, तिथेच साचतात, आणि लेन्सच्या डबीतून आलेला जंतू रात्रभर कॉर्नियाला चिकटून राहतो.

जखम खरवडून नमुना काचेवर घेतला. ग्रॅम स्टेन म्हणजे जंतू ओळखायचा रंग; त्यात गुलाबी काड्या दिसल्या, म्हणजे संशय स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा. हा जंतू एक-दोन दिवसांत कॉर्निया वितळवू शकतो, त्यामुळे कल्चरची, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून करायच्या तपासणीची, वाट न पाहता तिला दाखल करून घेतलं. तीव्र केलेलं टोब्रामायसिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक थेंब, दर तासाला, रात्रीसुद्धा. आई अलार्म लावून बसायची. "पट्टी नाही बांधणार?" असं तिने दोनदा विचारलं. नाही, अशा डोळ्याला पट्टी बांधली की आत जंतूंना ऊबच मिळते. पुढे कल्चर आलं. जखमेत आणि लेन्सच्या डबीत, दोन्हीकडे स्यूडोमोनास. डबी ती नळाच्या पाण्याने धुवायची.

डोळा वाचला. पू विरला, जखम भरली, पण मध्याच्या जरा बाजूला फूल, म्हणजे पांढरट डाग, पडलं. चष्मा लावून त्या डोळ्याला 6/18 दिसतं, म्हणजे चांगल्या डोळ्याला 18 मीटरवरून दिसणारं अक्षर तिला 6 मीटरवरून वाचावं लागतं.

"हे फूल जाईल ना, मॅडम?"

"फिकं होईल. पूर्ण जाणार नाही."

पुन्हा लेन्स कधी घालता येतील, हे तिने त्या दिवशी विचारलं नाही. आईने विचारलं. मी सांगितलं, सध्या चष्माच. फुलामुळे बुबुळाचा पृष्ठभाग ओबडधोबड झालाय, तो स्थिरावला की कडक लेन्स लावून नजर सुधारते का ते पाहू. पण तीही झोपण्याआधी काढायची, दुपारच्या डुलकीआधीसुद्धा.