प्रश्नचिन्हांची पोच

नाना पोच कशाची देत होते, हे मला कळत नाहीये. नाना आमच्या वाचनालयाचे वाचक. शनिवारी वाचनालयाची पुस्तकांची यादी मेलने जाते आणि दर रविवारी सकाळी त्यांचं एका ओळीचं उत्तर यायचं, "यादी पोचली, आभारी आहे." आणि त्यांना दिसणाऱ्या यादीत तर वाचण्यासारखं काही नव्हतंच.

ही मेल पाठवणारी पायथन स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, माझ्या गळ्यात पडली तेव्हा ती चालत होती. चालत्या गाडीला खीळ कोण घालतं? मी फक्त एचटीएमएलच्या, म्हणजे मेलच्या सजवलेल्या रूपाच्या, मागे लागले. शनिवारच्या रात्री बसून मुखपृष्ठांची चित्रं लावली, मोबाइलवर मोडणारा तक्ता सरळ केला. समितीतल्या कुणी "छान दिसतं हो" एवढंही म्हटलं नाही. ते जाऊ दे.

आज चित्रं फार जड झालीत का हे बघायला मेलचा मूळ मजकूर उघडला. एकाच मेलमध्ये दोन अवतार असतात, आधी साधा मजकूर, मग एचटीएमएल. उत्तम तो भाग शेवटी ठेवायचा, हे मेलच्या १९९६ च्या नियमावलीत, आरएफसी २०४६ मध्येच आहे. मेल उघडणारं सॉफ्टवेअर त्याला समजेल असा शेवटचा भाग दाखवतं. म्हणून आम्हा सगळ्यांना खालचा भाग दिसत होता. तो यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीही मावते अशा पद्धतीत, आणि मेलमधून सुखरूप जावा म्हणून बेस-६४ करून, अगदी ठणठणीत. वरचा साधा भाग मात्र स्क्रिप्ट आस्कीत, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं-आकडे मावणाऱ्या जुन्या संचात, कोंबत होती, आणि जे बसणार नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक, असं तिला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ना एरर, ना लॉगमध्ये चकार शब्द. काना-वेलांटीसुद्धा सुटी मोजली जाते, म्हणजे 'किनारा' झाला सहा प्रश्नचिन्हं. ओळीच ओळी तशा.

आणि नानांनी थंडरबर्डमध्ये, त्यांच्या मेल वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फक्त साधा मजकूर लावून ठेवलाय. मीच लावून दिलाय, त्यांना चित्रं नको होती म्हणून.

मग पोच कशाची? भिडस्तपणा म्हणावा, तर नाना भिडस्त नाहीत. पंख्याच्या आवाजावरून अर्ज करणारा माणूस. माझी कीव आली असेल? पोरगी एवढं पाठवते, कशाला दुखवा? हे डोक्यात आल्यावर जेवण गेलं नाही. कीव नको होती. तक्रार चालली असती.

संध्याकाळी ते काउंटरवर आलेच. विचारलं.

"अगं, आकडे दिसतात की."

पुस्तकांचे दाखल क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाइप केलेले, त्यामुळे ते आस्कीतून सहीसलामत जात होते. नाना त्यातला एक चिठ्ठीवर उतरवायचे आणि काउंटरवरच्या ताईंकडून ते पुस्तक मागून न्यायचे. त्यांना वाटलं, वाचनालयाने काहीतरी नवीन काढलंय. नाव न बघता वाचा वगैरे. मधमाशीपालन अशानेच वाचलं, एका नाटककाराचा पत्रव्यवहारही. "मधमाश्या बऱ्या होत्या," म्हणाले.

म्हणजे माझ्या चित्रांपेक्षा त्या प्रश्नचिन्हांनी जास्त पुस्तकं हलवली. हसावं की काय करावं! ताई तर हसल्याच, शिक्का हातात धरून.

रात्री दुरुस्ती केली. आस्कीची ओळ काढली, साधा मजकूर पायथनच्या सेट-कंटेंट या आज्ञेला दिला, एचटीएमएल त्याच्यानंतर अ‍ॅड-अल्टरनेटिव्हला. कॅरॅक्टर-सेटचं, म्हणजे कुठल्या अक्षरसंचात लिहायचं ते, पायथन आपलं आपण बघतं. नानांच्याच सेटिंगने स्वतःला पाठवून पाहिलं. नावं आली, लेखक आले, सगळं वाचता येतंय. कीव होती की नव्हती, ते मात्र मी अजून धरूनच बसलेय.

शनिवारी नवी यादी जाईल. नानांना विचारलं, आता नावं दिसतील, चालेल ना? म्हणाले, "बघू. आवडली नाहीत तर पुन्हा झाकायला सांगीन."