‘डिलीट’ आणि हरताळ

आमच्या आजोळच्या देवघरात रुमालात बांधलेली एक हस्तलिखित पोथी आहे. तिच्या एका पानावर, ओळीच्या मधोमध, बोटाच्या पेराएवढा पिवळा डाग आहे. लहानपणी मी तो हळदीचा समजत असे. तो हरताळाचा आहे हे फार उशिरा कळले. लेखनिकाचा हात चुकला की हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाची, म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांच्या संयुगाची पूड कालवून त्या अक्षरावर फासत आणि वर नवे अक्षर लिहीत. ‘नियमांना हरताळ फासला’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. बंदच्या अर्थाने वापरला जाणारा ‘हरताळ’ हा शब्द निराळा.

इंग्रजीतल्या ‘डिलीट’ या क्रियापदाचे मूळ शोधताना मला हा डाग आठवला. लॅटिनमधील ‘देलेरे’ या क्रियापदाच्या ‘देलेतुस्’ या रूपावरून हा शब्द इंग्रजीत आला. सुरुवातीला त्याचा अर्थ नष्ट करणे असा होता, लिहिलेला मजकूर काढून टाकणे हा अर्थ पुढे रूढ झाला. ‘कार्थेज नष्ट केलेच पाहिजे’ हा रोमन मुत्सद्दी केटोचा आग्रह ज्या लॅटिन वचनातून प्रसिद्ध आहे, त्यातील ‘देलेन्दा’ हे याच क्रियापदाचे रूप. मतदानानंतर आपल्या बोटाला लागणाऱ्या शाईला इंग्रजीत ‘इन्डेलिबल’ म्हणतात, तोही याच कुळातला शब्द. मात्र मला सर्वांत मोलाचे वाटते ते काही व्युत्पत्तिकारांचे मत, की ‘देलेरे’च्या मुळाशी ‘लिनेरे’, म्हणजे माखणे किंवा फासणे, हे क्रियापद असावे. तसे असेल तर रोमन माणसाच्या आणि आपल्या पोथी लिहिणाऱ्याच्या मनात चूक नाहीशी करण्याची कल्पना एकच होती: तिच्यावर काहीतरी फासायचे.

‘इरेज’ची गोष्ट वेगळी आहे. त्याचे मूळ खरवडणे या अर्थाच्या ‘रादेरे’मध्ये आहे आणि दाढीचे ‘रेझर’ त्याचेच भावंड. चर्मपत्रावरची शाई सुरीने खरवडून काढत, त्या कृतीशी हा शब्द चपखल जुळतो.

संगणकाने मात्र ‘डिलीट’ची जुनी खूण नकळत जपली. पूर्वी कागदी फितीवर भोके पाडून अक्षरे नोंदवत, आणि एकदा पडलेले भोक बुजवता येत नसे. म्हणून चुकलेल्या अक्षराच्या जागी, एका अक्षरासाठी असलेली सातही भोके पाडून टाकत आणि ती जागा यंत्राने वगळायची असा संकेत होता. संगणकात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की संकेतप्रणालीत ‘डिलीट’चा क्रमांक 127, म्हणजे सातही बिट (शून्य किंवा एक लिहिण्याच्या जागा) एक, असण्याचे कारण हेच. हार्ड डिस्कवरची फाइल आपण डिलीट करतो तेव्हाही सहसा यादीतली तिची नोंद जाते आणि तिची जागा मोकळी समजली जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तिथेच राहतो. आजोळची पोथी उजेडाकडे तिरकी धरली की पिवळ्या थराखालच्या जुन्या अक्षराची वेलांटी पुसट दिसते, तसेच हे.

मराठीत आपण सर्रास ‘डिलीट कर’, ‘डिलीट मारला’ म्हणतो, आणि बोलण्यात त्याला माझी हरकत नाही. लिहिताना मात्र एकाच शब्दावर भागवू नये असे मला मनापासून वाटते, कारण आपल्याकडे छटा भरपूर आहेत. खोडलेला शब्द रेघेखाली दिसत राहतो, पाटी पुसली की अक्षर जाते, संपादक परिच्छेद गाळतो, यादीतून नाव वगळले जाते. ‘हटवा’ हा पडद्यावर दिसणारा शब्द मला अजून परका वाटतो, कारण हटवतात ते अतिक्रमण किंवा गर्दी. फाइलच्या बाबतीत संगणक जे करतो, त्याला शाळेतला ‘पटावरून कमी करणे’ हा प्रयोग सर्वांत जवळचा आहे: हजेरीपटावर नाव उरत नाही, मुलगा मात्र गावातच असतो.