फ्रीमाँटला येणाऱ्या आई-बाबांसाठी: भूकंप झाला तर बाहेर पळू नका

किल्लारीचा भूकंप ज्यांना आठवतो, त्यांच्या अंगात एक गोष्ट भिनलेली आहे: जमीन हलली की घराबाहेर पळायचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं आणि हजारो माणसं गेली. तसल्या घरातून बाहेर पळणं शहाणपणाचंच. पण कॅलिफोर्नियात मुलाकडे-मुलीकडे सहा महिने राहायला येणारे आई-बाबा हीच सवय सोबत आणतात आणि इथे ती घात करू शकते.

फ्रीमाँट ज्या अल्मेडा काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येतं, तिथली बहुतेक राहती घरं लाकडी चौकटीची, एक-दोन मजली आणि वजनाला हलकी आहेत. ती हलतात, करकरतात, भिंतींना तडे जातात, पण सहसा माणसांवर कोसळत नाहीत. १७ ऑक्टोबर १९८९ चा लोमा प्रिएटाचा भूकंप ६.९ तीव्रतेचा होता, किल्लारीचा ६.२. लोमा प्रिएटात ६३ माणसं दगावली आणि त्यातली ४२ याच काउंटीत, ओकलंडच्या सायप्रेस या दुमजली उड्डाणपुलावर. भूकंपाचं केंद्र दूर सांताक्रूझच्या डोंगरात होतं हे खरं, पण घर कशाचं बांधलंय यानेही फार फरक पडतो. इथे माणसं जखमी होतात ती पडणाऱ्या कपाटांनी, टीव्हीने, काचांनी आणि घाबरून पळताना जिन्यावरून पडून. दारातून बाहेर पडताना तर विटांची चिमणी, छताची कौलं आणि खिडक्यांच्या काचा नेमक्या डोक्यावर येतात.

तेव्हा हादरा सुरू झाला की आहात तिथेच खाली बसा, भक्कम टेबलाखाली शिरा आणि त्याचा पाय घट्ट धरून ठेवा. टेबल सरकलं तर त्याच्याबरोबर सरका. गुडघे दुखत असतील, खाली बसता येत नसेल, तर खुर्चीतच पुढे वाका आणि दोन्ही हातांनी मान-डोकं झाका. पलंगावर असाल तर उतरू नका, पालथे होऊन उशी डोक्यावर घ्या. दाराच्या चौकटीत उभं राहण्याचा जुना सल्ला विसरा, या घरांत ती चौकट बाकी घरापेक्षा मजबूत नसते.

धोका किती खरा आहे? हेवर्ड नावाचा भ्रंश (जमिनीच्या पोटातली भेग, जिच्या दोन्ही बाजू सरकतात) बर्कली, ओकलंड, हेवर्ड करत थेट फ्रीमाँटच्या वस्तीखालून जातो. २१ ऑक्टोबर १८६८ ला तो शेवटचा मोठ्याने हलला, तेव्हा हेवर्ड गाव उद्ध्वस्त झालं आणि सॅन लिएंड्रोतलं काउंटीचं कोर्ट कोसळलं. फ्रीमाँटमधल्या एका तळ्याकाठी चर खणून शास्त्रज्ञांनी जुन्या भूकंपांच्या खुणा मोजल्या, तर दोन मोठ्या भूकंपांमधलं सरासरी अंतर दीडशे वर्षांच्या आसपास निघालं. तेवढी वर्षं उलटून गेली आहेत. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाचा अंदाज असा की २०१४ ते २०४३ या काळात बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या या भागात) ६.७ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता ७२ टक्के आहे, आणि तो हेवर्ड व त्याला जोडलेल्या रॉजर्स क्रीक भ्रंशावर होण्याची ३३ टक्के. हेवर्ड गावात काही ठिकाणी फुटपाथची कड मध्येच तुटून बाजूला सरकलेली दिसते. भूकंप नसतानाही हा भ्रंश दरवर्षी काही मिलिमीटर सरकतो, त्याची ती खूण.

आता घरातली कामं. आपल्याकडे विटांच्या भिंतीत कुठेही ठोकला तरी खिळा बसतो. इथली भिंत म्हणजे अर्ध्या इंचाचा जिप्समचा पातळ पापुद्रा, त्यामागे साधारण १६ इंचांवर एक उभा लाकडी वासा. त्याला स्टड म्हणतात. पुस्तकांचं कपाट प्लास्टिकच्या गिट्ट्या घालून नुसत्या पापुद्र्यात अडकवलं तर हादऱ्यात गिट्टीसकट भोक पाडून ते बाहेर येतं. स्टड-फाइंडरने वासा शोधा, स्क्रू त्यातच जाऊ द्या, आणि कपाटाच्या वरच्या भागाला दोन्ही बाजूंनी नायलॉनचे पट्टे लावा. टीव्हीलाही तेच. देवघर उंच फळीवर असेल तर मूर्तींखाली चिकटमाती लावा (भूकंपासाठी म्हणूनच मिळते), काचेच्या तसबिरी पलंगाच्या डोक्याशी टांगू नका, आणि समई किंवा निरांजन पेटतं ठेवून खोलीबाहेर जाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू गॅरेजमधला पाणी तापवायचा बंब. चाळीस गॅलनच्या टाकीत दीडशे लिटर पाणी असतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच दीडशे किलो. तो आडवा झाला तर गॅसची नळी तुटते आणि भूकंपामागोमाग आग लागते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्याला पट्टे बांधणं सक्तीचं आहे: एक टाकीच्या वरच्या एक-तृतीयांश भागात, एक खालच्या एक-तृतीयांशात, आणि खालचा पट्टा गॅसच्या बटणांपासून किमान चार इंच वर. घर घेताना पट्टे दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका, दोन गोष्टी बघा. पट्ट्याचा स्क्रू वाशात गेलाय की नुसत्या पापुद्र्यात? आणि टाकी व भिंत यांच्यात पोकळी आहे का? पोकळी असेल तर टाकी मागे-पुढे आपटून पट्टे सैल करते, तिथे लाकडी ठोकळा बसवून घ्या. गॅसची जोडणी ताठ पाइपाची असेल तर लवचीक नळी लावून घ्या. एवढं केलं की हाच बंब संकटात पाण्याचा साठा होतो. आधी त्याचा गॅस किंवा वीज बंद करायची, मग पाणी येणारा कॉक, मग घरातला एखादा गरम पाण्याचा नळ उघडायचा आणि टाकीखालच्या तोटीतून पाणी काढायचं. बिनटाकीचा गीझर असेल तर हा साठा नाही, हे लक्षात ठेवा.

गॅसचा मीटर बहुधा घराच्या बाहेरच्या बाजूला असतो. त्याच्या पाइपावर एक चपटा कान दिसेल. तो पाइपाला समांतर म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. पाऊण ते एक फुटी पान्याने पाव फेरा पुरतो, म्हणून पाना मीटरपाशीच दोरीने बांधून ठेवावा. पण प्रत्येक हादऱ्यानंतर गॅस बंद करू नका. वास आला, फुसफुस ऐकू आली किंवा मीटरचा काटा भराभर फिरताना दिसला, तरच करा. एकदा बंद केलेला गॅस पुन्हा स्वतः सुरू करायचा नाही, तो कंपनीचा माणूस तपासून सुरू करतो, आणि मोठ्या भूकंपानंतर त्याला यायला कितीही दिवस लागू शकतात. वास येत नाही अशी खात्री होईपर्यंत काडी ओढू नका, विजेचं बटणही दाबू नका.

पाण्याचा हिशेब माणशी रोज एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर. दोघं, दोन मुलं आणि आई-बाबा असे सहा जण धरले तर तीन दिवसांना ६८ लिटर आणि दोन आठवड्यांना ३२० लिटर. अर्धा लिटरच्या चाळीस बाटल्यांचा खोका वीस लिटरचा, म्हणजे तीन दिवसांना चार खोके हवेत. पंचावन्न गॅलनचं पिंप स्वस्त पडतं, पण भरल्यावर दोनशे किलोंच्या वर जातं, हलवता येत नाही आणि हातपंपाशिवाय त्यातून पाणी निघत नाही. म्हातारी माणसं घरात असतील तर पाच गॅलनचे कॅन बरे. तेही एकोणीस किलोंचे आहेत, उंच फळीवर चढवू नका. स्वतः भरलेलं पाणी दर सहा महिन्यांनी बदला. शंका असलेलं पाणी उकळता येत नसेल तर गॅलनला बिनवासाच्या सहा टक्के ब्लीचचे आठ थेंब (सव्वाआठ टक्क्यांचं असेल तर सहा) घालून अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर थेंब दुप्पट.

खाण्याच्या बाबतीत मराठी घरं सहज फसतात. वीस पौंडांची तांदळाची पोती, तूरडाळ, कणिक बघून वाटतं महिनाभर चिंता नाही. पण वरणभाताला पाणी लागतं, गॅस लागतो, धुवायची भांडी निघतात, आणि त्या दिवसांत नेमकं हेच नसतं. म्हणून वेगळा डबा भरा: पातळ पोहे, भडंग, चिवडा, खाकरे, मेतकूट, सातूचं पीठ, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, दूध पावडर, डबाबंद छोले आणि हाताने फिरवायचा कॅन-ओपनर. शेंगदाणे-चिवडा काही महिन्यांत खवट होतो, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी जुना संपवून नवा भरण्याची शिस्त लावली तर डबा ताजा राहतो. कॅम्पिंगची शेगडी वापरायची तर अंगणातच. गॅरेजचं दार उघडं ठेवूनसुद्धा आत नको, कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेतच जातात.

प्रत्येक पलंगाच्या पायाला एक पिशवी बांधा, त्यात बंद बूट आणि बॅटरी. नुसती पलंगाखाली ठेवली तर हादऱ्यात सरकून कुठेतरी जाते आणि अंधारात अनवाणी पाय काचेवर पडतो. वीज गेली की जुन्या मोटरचं गॅरेजचं दार आपोआप उघडत नाही. मोटरखालची लाल दोरी ओढून ते हाताने उचलायचं असतं, आणि जुनी दारं सत्तरीच्या माणसाला उचलत नाहीत. एखाद्या रविवारी सगळ्यांनी करून बघा.

येणाऱ्या पालकांनी रक्तदाबाची, साखरेची औषधं मुक्कामापेक्षा किमान दोन-तीन आठवडे जास्तीची आणावीत. भारतातली चिठ्ठी इथल्या दुकानात चालत नाही. औषधांची मूळ नावं, पासपोर्टची आणि प्रवासी विम्याची प्रत त्याच पिशवीत असू द्या. मुलांच्या शाळेच्या आपत्कालीन कार्डावर आजी-आजोबांची नावं नक्की घाला. आई-बाप खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत अडकले आणि बार्टची लोकल बंद पडली, तर शाळा मूल कार्डावरच्या माणसाच्याच हवाली करते, तेही ओळखपत्र बघून.

अपार्टमेंट भाड्याने घेणाऱ्यांनी तळमजला बघावा. खाली नुसते खांब आणि पार्किंग, वर दोन-तीन मजले, अशी जुनी इमारत पुण्या-मुंबईच्या स्टिल्टसारखीच धोक्याची. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत अशाच कित्येक इमारती बसल्या. इमारत मजबूत करून घेतली आहे का, हे करार करण्याआधी विचारा. स्वतःचं घर १९८० पूर्वीचं असून जमिनीपासून उचललेलं असेल, तर पायाला बोल्टने जखडण्यासाठी राज्याच्या योजनेतून ३,००० डॉलरपर्यंत मदत मिळू शकते. घराच्या नेहमीच्या विम्यात भूकंप धरलेला नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि त्यात विम्याच्या रकमेच्या ५ ते २५ टक्क्यांएवढं नुकसान आधी स्वतः सोसावं लागतं. घराचा विमा सहा लाख डॉलरचा असेल तर १५ टक्के म्हणजे नव्वद हजार. सही करण्याआधी हा आकडा बघा.

फोनवर मायशेक अॅप आणि काउंटीची एसी अलर्ट ही इशारे देणारी सेवा सुरू ठेवा. मायशेक हादऱ्याआधी काही सेकंद मिळवून देतं, पण केंद्र अगदी जवळ असलं तर तेवढेही मिळत नाहीत.

आणि पुण्या-नाशकात बसून बातम्या बघणाऱ्यांसाठी: भूकंपानंतर फोन लावत बसू नका, लाइन तुंबतात. छोटा मेसेज उशिरा का होईना पोचतो. टेक्सास किंवा न्यू जर्सीतला एखादा नातेवाईक आधीच ठरवून ठेवा. फ्रीमाँटची माणसं त्यालाच कळवतील आणि तो घरी सगळ्यांना. दिवसभर काही आलं नाही तर त्याला विचारा, फ्रीमाँटच्या फोनची बॅटरी वाचू द्या.